सामाजिक विषमता आणि स्मृतिभ्रंशाचा धोका

घरातील वृद्ध माणूस विसरू लागला, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. वस्तुतः स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. अल्झायमरसारख्या मेंदूच्या आजारांतून ही अवस्था उद्भवते. तिचा धोका सर्वांना सारखा नसतो, ही बाब मात्र अजून पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

भारतात साठ वर्षांवरील ४,०९६ व्यक्तींच्या तपासणीवर आधारलेला राष्ट्रीय अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. शहरी भागात हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे, पुरुषांत ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के. अल्पशिक्षितांतही ते अधिक आढळते. आज सत्तरीत असलेल्या ज्या स्त्रियांना लहानपणी शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांचा हिशेब या आकड्यांत मिसळलेला आहे.

शिक्षणाने आजार टळतो असे नाही. बालपणापासून मेंदूला मिळालेल्या व्यायामामुळे त्याच्याकडे एक प्रकारची शिल्लक जमा होते आणि पेशींची हानी सुरू झाली तरी लक्षणे उशिरा दिसतात, असे संशोधक मानतात. शिवाय शाळा सुटली, की बहुधा चांगली नोकरी, सकस आहार आणि वेळेवर औषधोपचार हेही सुटतात. त्यामुळे निव्वळ शिक्षणाचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा घटक नोंदविले. ते सर्व दूर झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांत हा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. अल्पशिक्षण, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा, दृष्टिदोष, प्रदूषित हवा हे त्यांपैकी काही होत. यांना ‘जीवनशैली’चे दोष म्हणण्याची पद्धत आहे, पण ती अपुरी वाटते. यंत्रमागाच्या खडखडाटात ज्याची उमेद गेली, त्याचे कान जीवनशैलीमुळे गेले असे कसे म्हणावे? चुलीचा धूर, न उतरवलेला मोतीबिंदू, न परवडणारे श्रवणयंत्र यांचीही तीच गोष्ट आहे.

विषमता निदानातही शिरते. प्रचलित चाचणीत वाक्य लिहावे लागते, आकृती काढावी लागते, शंभरातून सात-सात वजा करावे लागतात. निरक्षर माणूस यात नापास होतो, तो आजारामुळे की शाळेअभावी? या अडचणीमुळेच हरियाणातील बल्लभगढ येथील निरक्षर ग्रामस्थांसाठी या चाचणीची हिंदी आवृत्ती बेतण्यात आली व ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

हैदराबादचा अनुभव या दृष्टीने लक्षणीय आहे. निझाम आयुर्विज्ञान संस्थेतील ६४८ रुग्णांचा डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती. इतरत्रच्या सर्वच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही. तथापि हैदराबादेत तो निरक्षर रुग्णांतही दिसला. तेलुगू, दखनी, हिंदी या भाषा त्यांनी वर्गात नव्हे, घरात आणि बाजारात आत्मसात केल्या होत्या.