शिक्षकांच्या ट्रेनिंगचा पैसा वाचनाच्या तासाला कसा जातो?

मागच्या भागानंतर अमेरिकेतल्या काही पालकांनी एकच प्रश्न पाठवला. स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेटमध्ये टायटल टूचे पैसे टायटल वनमध्ये वळवल्याची नोंद दिसते, हा घोटाळा आहे का? नाही हो. कायद्यातच तशी सोय आहे. पण ती समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेत शाळांचा बहुतेक खर्च राज्याच्या आणि स्थानिक करांतून चालतो. फेडरल सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. १९६५ च्या कायद्यापासून हा पैसा वेगवेगळ्या नावांनी येतो. आपल्याकडे पगार झाला की दूध, किराणा, फी अशी पाकिटं करायचे ना, तसंच. टायटल वन गरीब वस्तीतल्या शाळांसाठी, टायटल टू शिक्षकांसाठी, टायटल थ्री इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी. टायटल फोरमध्ये कला, समुपदेशन, सुरक्षितता, तंत्रज्ञान असं बरंच काही कोंबलंय.

आधी डिस्ट्रिक्टला टायटल टूसारख्या पाकिटातले निम्मेच पैसे हलवता यायचे. २०१५ च्या कायद्याने टायटल टू आणि टायटल फोरच्या बाबतीत ही मर्यादा काढली. आता सगळेच्या सगळे हलवता येतात. टायटल वनमधून मात्र एक डॉलरही बाहेर काढता येत नाही. तिथे पैसा आत येतो, बाहेर जात नाही. गरीब मुलांच्या नावाचा पैसा दुसरीकडे पळू नये म्हणून हे कुलूप, आणि मला ते योग्य वाटतं.

खरी मेख पुढे आहे. पैसा ज्या पाकिटात जाईल, त्या पाकिटाचे नियम त्याला लागतात. समजा, टायटल टूचे ४० हजार डॉलर टायटल वनमध्ये नेले आणि वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षिका नेमली. छान! पण ती आता टायटल वनच्या शाळेतच शिकवणार. नदीपलीकडच्या जरा बऱ्या वस्तीतल्या शाळेत गणिताच्या शिक्षकांचं ट्रेनिंग त्याच ४० हजारांतून व्हायचं, ते गेलं. बजेटच्या कागदावर एकच ओळ दिसते. कुणाचं काय गेलं ते तिथे लिहिलेलं नसतं.

छोट्या ग्रामीण डिस्ट्रिक्टांना, म्हणजे रोजची सरासरी हजेरी ६०० पेक्षा कमी असलेल्यांना, आणखी एक सवलत मिळू शकते. ते पाकीट न बदलताच टायटल टू आणि फोरचा पैसा दुसऱ्या पाकिटाच्या कामाला वापरू शकतात. जिथे टायटल फोरचे थोडेच पैसे येतात, तिथे तेवढ्यात वेगळा समुपदेशक कुठून आणणार? अशांना याचा खरा उपयोग.

बदल लागू व्हायच्या किमान ३० दिवस आधी डिस्ट्रिक्टने राज्याला कळवावं लागतं, आणि त्याआधी परिसरातल्या खाजगी शाळांशी सल्लामसलतही करावी लागते, कारण त्यांच्या मुलांचाही या पैशांत हिस्सा असतो. म्हणजे स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायचं असेल तर त्याच सुमारास बोला. विचारायचं एवढंच: पैसा कुठल्या शाळेत चाललाय, आणि आत्तापर्यंत त्यातून कुठल्या शाळेत काय होत होतं?

पुढच्या भागात टायटल थ्री. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या पालकांनी तो जरूर ऐका.