पिंगळा आणि रानपिंगळा

सोलापुरात दिवेलागणीच्या वेळी एखाद्या जुन्या वडाजवळ किंवा चिंचेजवळ थोडा वेळ उभे राहा. ढोलीतून 'चिर्र चिर्र' असा कर्कश आवाज आला, तर समजा की पिंगळा जागा झाला. तो साळुंकीएवढाच असतो. अंगावर पांढरे ठिपके आणि डोळे पिवळेधमक. त्याला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून तो सगळी मानच मागे वळवतो!

पिंगळा ही घुबडाचीच एक लहान जात आहे. उर्दूत घुबडाला 'उल्लू' किंवा 'चुगद' म्हणतात आणि मूर्ख माणसालाही तेच नाव देतात. मराठीत घुबडाला अशुभ मानतात. बिचाऱ्याला दोन्ही भाषांत मान नाही! खरे तर तो रात्रभर किडे आणि उंदीर खातो. ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला याहून चांगला राखणदार कोठे मिळणार? तरीही अंधश्रद्धेपायी लोक घुबडे पकडतात, मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद डोंगराळ जंगलात राहतो. त्याचे नाव रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय दणकट असतात आणि तो दिवसाही शिकार करतो. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचा नमुना मिळवला. त्यानंतर मात्र तो कोणाला सापडेना.

रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळवला, असे सांगितले होते. त्यावर विश्वास ठेवून पक्षितज्ज्ञ भलत्याच ठिकाणी शोध घेत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला. पक्ष्याचे कातडे ज्या पद्धतीने भरून शिवले होते, ती पद्धत डेव्हिडसनची होती! म्हणजे लंडनच्या संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. एका चिठ्ठीने केवढा घोटाळा केला पाहा.

मग रासमुसेन यांनी ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि जुने खरे नमुने जेथे मिळाले होते, तेथे जायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे त्यांचे सोबती होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात, एका उघड्या फांदीवर भर सकाळी रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

नंतर मेळघाटातही रानपिंगळे आढळले. सागाची ही जंगले तोडून शेती होते, तेथे त्यांना घरट्यासाठी ढोली मिळत नाही; म्हणून आजही त्यांची संख्या फार थोडी आहे. २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात दिसला. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ तो असेल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.