सुरतेची थडगी आणि सुरतेचे चर्च

सुरत म्हटले, की मराठी माणसास शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते. परंतु तापीकाठच्या या बंदरात एके काळी इंग्रज, डच, फ्रेंच व आर्मेनियन असे नाना देशींचे ख्रिस्ती लोक एकत्र नांदत होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. त्यांच्या खुणा पाहण्यास निघालेल्या प्रवाशाला एक कोडे पडते. त्यांची थडगी जुनी आणि भव्य आहेत. इंग्रजांचे चर्च मात्र त्यामानाने पुष्कळच अलीकडचे. असे का व्हावे?

याचे उत्तर वखारीत सापडते. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास येथे वखार घातली. तेच त्यांचे घर, तीच कचेरी आणि उपासनेची जागाही तीच. १६८९ साली येथे आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने त्या प्रार्थनागृहाचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते नीटनेटके व गंभीर होते. मात्र मुसलमान रहिवाशांचे मन दुखवू नये म्हणून त्यात कोणत्याही सजीव प्राण्याची आकृती ठेवलेली नव्हती. परक्या मुलखात राहणाऱ्याने पाळावयाचा हा विवेक होता.

विवेकाचे दुसरे उदाहरण फ्रेंच प्रवासी बर्निए याने नोंदविले आहे. १६६४ च्या स्वारीत महाराजांनी कॅपुचिन पाद्री अँब्रोज यांच्या निवासस्थानाला धक्का लागू दिला नाही. फिरंगी पाद्री हे भले लोक आहेत, असे ते म्हणाल्याचे तो सांगतो. ज्या शहरावर तलवार उपसली, त्याच शहरातील एका परधर्मी साधूचा मान राखला गेला.

त्याच वेळी इंग्रजांची वखार लढविणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली सुरतेसच वारला. कतारगाम दरवाज्याजवळच्या दफनभूमीत त्याचे व त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याचे थडगे आहे. कमानी व घुमट पाहून तो एखाद्या मोगल सरदाराचा मकबराच वाटावा! डचांनीही या थाटात हार मानली नाही. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा फान रेडे १६९१ साली निवर्तला. त्याचे दुमजली, घुमटाकार स्मारक डचांच्या दफनभूमीत आहे. शेजारीच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या, त्यांच्या लिपीत कोरलेल्या साध्या शिळा आहेत.

चर्च आले ते फार उशिरा. १६८७ साली इंग्रजांचे मुख्य ठाणे मुंबईस गेले आणि तेथे सेंट टॉमस चर्च १७१८ सालीच उघडले. सुरतेस किल्ल्याजवळ नदीकाठी बांधलेल्या चर्चचे अभिषेचन बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ साली झाले. व्यापार भरात होता तेव्हा उपासनेला खोली पुरली. चर्च उभे राहिले तेव्हा बंदराचे वैभव ओसरले होते.

सुरतेस जाणाऱ्याने ही स्थळे आवर्जून पाहावीत. मृतांच्या स्मरणदिनी या थडग्यांवर मेणबत्ती लावावयास त्यांचे आप्त आता येथे नाहीत. जे परके येथल्याच मातीत मिसळले, त्यांच्या शिळा जपणे हे आता येथल्याच माणसांचे काम आहे.