टिंबानंतरची रेघ

सेविकाताईंनी आधी रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणला, पोराचा स्वेटर काढला, मगच त्याला झोळीत बसवलं. आठ किलो सहाशे. निळ्या काठाच्या तक्त्यावर चौदाव्या महिन्याची उभी रेषा आणि वजनाची आडवी रेषा जिथं मिळते तिथं टिंब दिलं. ते हिरव्या पट्ट्यात पडलं. आई उठायला लागली.

“थांब गं. रंग सोड, रेघ बघ.”

मागची टिंबं जोडल्यावर रेघ आडवी पडली होती. बाराव्या महिन्यापासून वजन तेवढंच.

अकोले तालुक्यातल्या या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मी बसले होते, ते डेटा साक्षरतेवरचं, म्हणजे आकडे-आलेख समजून घेण्यावरचं, संशोधन वाचत असल्यामुळे. फ्रान्सिस कर्सिओ यांनी 1987 साली अमेरिकेतल्या चौथी-सातवीच्या मुलांचं आलेखवाचन तपासून त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: दिसतो तो आकडा सांगणं, आकडे एकमेकांशी ताडून पाहणं, आणि आलेखात नाही त्याचा अंदाज बांधणं. आई पहिल्या पायरीवर होती, ताई दुसऱ्या. पुढं 2002 साली हैफा विद्यापीठाच्या इद्दो गाल यांनी प्रौढांबद्दल लिहिताना संदर्भाचं ज्ञान आणि प्रश्न विचारण्याची वृत्ती यांनाही साक्षरतेत धरलं. मला हे पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. काटा शून्यावर आणणं, स्वेटर काढणं हेही त्यातच येतं. आकडा जन्मतो कसा हे ज्याला ठाऊक, तोच त्यावर किती विसंबायचं ते ठरवू शकतो.

2017 साली आलेखवाचनाची एक चाचणी तयार झाली: 12 प्रकारचे आलेख, 53 प्रश्न, उत्तरांना पर्याय. मोजमापाला अशा चाचण्या हव्यातच. पण ताईंचा पुढचा प्रश्न कुठल्याच पर्यायात बसला नसता.

“मधे जुलाब झाले होते का? दिवसभर कोणाजवळ असतो?”

जुलाब नव्हते. आई कांदालागणीला जाते, पोर आजीजवळ असतं, आणि भूक लागली की चहात बुडवलेलं बिस्कीट मिळतं. आडव्या रेघेचं कारण तक्त्याच्या बाहेर होतं.

अंगणवाड्यांत पोषण ट्रॅकर हे मोबाइल अ‍ॅप आल्यापासून वजन-उंची भरली की पोषणाची श्रेणी फोनच सांगतो. नोंदींचं ओझं त्यानं हलकं केलं असेल, पण उत्तर आधी हातात आलं की रेघ बघायला कोण थांबेल, याची मला खरीच काळजी वाटते. संशोधकांनी हे अंगणवाडीत बसून तपासायला हवं.

ताईंनी वरणभातात चमचाभर तेल घालायला सांगितलं. आजीशी बोलायला त्या संध्याकाळी स्वतः जाणार होत्या.