लांबीखालचा गंज

जुनी चारचाकी घेणे आता आपल्या वस्त्यांतून नवलाईचे राहिलेले नाही. कुणी भाड्याने फिरवण्यासाठी घेतो, कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी. आम्हीही २०११ साली एक मारुती आठशे घेतली. गाडी २००३ ची होती. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ पासून बनायची बंद झालेली ही गाडी अजून कित्येक घरांत चालते आहे. इंजिन तिचे चिवट असते. तिला मारतो तो गंज.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीच्या उजव्या पुढच्या चाकापाशी खड्ड्यात ‘कट्ट’ असा आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. त्याच वर्षी नोंदणीची मुदत संपत होती. एका गॅरेजात नेली. तिथल्या मालकाने बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाला, “वरून पातळ पत्रा मारू, लांबी भरू, रंग देऊ. दोन दिवसांत नवी. चालवायची नसेल तर विकून टाका, रंग पाहून गिऱ्हाईक लगेच मिळेल.”

गिऱ्हाईक शोधायचीही गरज नव्हती. आमच्याच चाळीतला एक तरुण शाळेची मुले ने-आण करण्यासाठी ती गाडी मागत होता. खोटे कशाला बोलावे, एक रात्र आम्हीही विकण्याचाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी आमचे मामा आले. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांचे आयुष्य डब्यांच्या पत्र्यात गेले. त्यांनी आमच्या कन्येच्या दप्तरातले लोहचुंबक मागून घेतले, फडक्यात गुंडाळले आणि पुढच्या पत्र्यावरून फिरवले. जिथे लोखंड तिथे ते चिकटे. आधीच्या मालकाने लांबी भरली होती तिथून घसरून पडे. मग चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली. खणखणीत आवाजाऐवजी ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. टोक जरा दाबले, ते आरपार गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ट्रक किंवा जुन्या जीपला खाली जाड लोखंडाची वेगळी चेसी असते. मारुतीला तशी नसते. पत्राच तिची चेसी. बाहेरचा मडगार्ड बोल्टवर बसतो. तो कुजला तर दिसायला वाईट, बाकी काही नाही. पण त्याच्या आत जो पत्रा असतो, ज्याला मिस्त्री ‘ॲप्रन’ म्हणतात, त्यावर शॉकअपचे डोके बोल्टने आवळलेले असते. गाडीचा पुढचा भार आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्यावर येतो. रेडिएटरची पुढची चौकट या दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून धरते. समोरून धडक बसली तर आधी हाच भाग चेपतो आणि आतल्या माणसांवरचा मार कमी करतो. तिथे लांबी भरणे म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणे.

गंज तिथेच का लागतो? चाक उडवते तो चिखल आतल्या कोपऱ्यात साचून ओला राहतो. बॅटरीचे ॲसिड ठिबकून खालचा रंग खाते. काचेखालच्या जाळीत पाने अडकली की पाण्याच्या वाटा बुजतात. त्यात मुंबईची खारी हवा.

नवा भाग मिळेना. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भंगारातल्या गाडीचा चांगला ॲप्रन शोधला. बिल आवर्जून घेतले, कारण चोरीच्या गाडीचा भाग गळ्यात पडला तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

काम मामांच्या ओळखीच्या मिस्त्रीने केले, मामा शेजारी उभे राहून. गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर घेतली. घोडे दाराखालच्या मजबूत पट्टीला लावले. बॅटरी काढली, पेट्रोलची नळी बाजूला केली, वाळूची बादली जवळ ठेवली. इंजिनाला खालून लाकूड लावून जॅकचा टेका दिला. मग मापे. शॉकअपच्या एका डोक्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि तिरकी, फुलीसारखी, दिव्याच्या बोल्टापासून मागच्या पत्र्यावरच्या खुणेपर्यंत. सगळी मापे खडूने भिंतीवर लिहिली. दोन्ही डोक्यांमध्ये लोखंडी अँगल तात्पुरता जोडला, म्हणजे कापल्यावर गाडी वाकू नये. डावी बाजू शाबूत होती, तिला हात लावला नाही. दोन्ही बाजू कुजल्या असत्या तरी एका वेळी एकच कापायची, नाहीतर माप कशावरून घेणार?

जुने टाके ड्रिलने सोडवले. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कुजका पत्रा कापला. नवा भाग आधी नुसत्या टाक्यांवर धरला, मडगार्ड आणि बॉनेट लावून फटी पाहिल्या, भिंतीवरची मापे पुन्हा जुळवली आणि मगच सीओटू वेल्डिंगने पक्का केला. गॅसच्या आचेने पातळ पत्रा वाकडा होतो. शेवटी प्रायमर, सांध्यांना सीलर, आतल्या पोकळीत मेण. लांबीचे बोट कुठे लागले नाही. चेसी नंबर कोरलेल्या पत्र्याला हात लावू द्यायचा नाही, ही ताकीद मामांनी पहिल्याच दिवशी दिली होती.

त्यानंतर अलाइनमेंट केली, फॉर्म २५ भरला. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालेले होते. पर्यावरण कर वेगळा. (२०२५ च्या ऑगस्टात २० वर्षांवरील मोटारींना ते १०,००० झाले.) दिवाळीचा बोनस असा सगळा गेला, आणि घरात दोन दिवस बोलणेही जरा कमीच झाले.

कापलेला तुकडा आम्ही टाकला नव्हता. चाळीतल्या त्या तरुणाला तो दाखवला. वरून पांढराशुभ्र रंग होता. त्याने अंगठ्याने दाबला तसा लाल भुगा त्याच्या चपलांवर पडला. पुढच्या रविवारी तो दुसरी गाडी पाहायला गेला, तेव्हा मामांना सोबत घेऊन गेला. जाताना कन्येचे लोहचुंबकही मागून नेले.