सूज, स्टिरॉइड आणि रक्तातल्या खुणा



सकाळी उठल्यावर लेकराचे डोळे सुजलेले, संध्याकाळी पाय जड, लघवीला फेस. वस्तीत यावर उत्तरे ठरलेली असतात : किडा चावला असेल, ॲलर्जी असेल, नाहीतर नजर लागली. 1956 ला इतकी वर्षे झाली तरी काही घरांतून गंडादोरा गेलेला नाही. त्यात आठ-दहा दिवस जातात आणि तोवर पोटात पाणी भरते.

हा आजार बहुधा नेफ्रोटिक सिंड्रोम असतो. मूत्रपिंडात रक्त गाळणारी बारीक चाळणी असते. ती बिघडली की रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून वाहून जाते. मग रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते आणि अंग सुजते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसते.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, एक स्टिरॉइड. पहिल्या खेपेला साधारण 6 आठवडे रोज आणि पुढे 6 आठवडे दिवसाआड. शंभरातल्या 85 ते 90 मुलांची लघवी याने साफ होते, बहुतेकांची पहिल्या चार आठवड्यांतच. उरलेल्या 10-15 मुलांवर औषध चालत नाही. याला स्टिरॉइडला न जुमानणारा आजार म्हणतात, आणि पुढे मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका याच मुलांना जास्त असतो.

अडचण अशी की मूल कोणत्या गटातले, हे औषध देऊन वाट पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या सहा आठवड्यांत चेहरा गोल होतो, रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. रोजंदारीवरच्या आईचे खाडे वेगळेच. म्हणून संशोधक विचारतात : पहिल्याच दिवशीच्या रक्तातून हे ओळखता येईल का?

शोध बऱ्याच वाटांनी चालू आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘सुपार’ नावाच्या प्रथिनाकडे बोट दाखवले. पण मूत्रपिंड मंदावले किंवा जंतुसंसर्ग झाला तरी ते वाढते, असे पुढे दिसले आणि भरवसा कमी झाला. हॅप्टोग्लोबिनसारखी प्रथिनेही तपासली गेली. पांढऱ्या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो, तो औषध पेशीबाहेर फेकतो; त्यावर आपल्या देशातही काम झाले आहे. 2024 मध्ये युरोपातून मोठी बातमी आली. चाळणीतल्या नेफ्रिन या प्रथिनाविरुद्ध शरीरच प्रतिपिंडे तयार करते, आणि आजार उसळलेल्या, अजून औषध सुरू न झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुलांच्या रक्तात ती सापडली. आजार उतरला की तीही उतरतात. यातून आजाराचे मूळ समजायला मदत होते, पण स्टिरॉइड लागू पडेल की नाही याचा कौल अजून मिळत नाही.

थोडक्यात, आज अशी एकही रक्तचाचणी नाही जिच्या भरवशावर डॉक्टर स्टिरॉइड द्यायचे की नाही हे ठरवतील. बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवरचे आहेत. कोणी खासगी लॅबचा महागडा ‘पॅनेल’ पुढे केला तर विचारा : या निकालाने उपचारात काय बदलेल? कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे कालाम सुत्त आपल्याला ठाऊक आहेच. ते लॅबच्या कागदालाही लागू आहे.

जनुकांची तपासणी मात्र वेगळी. स्टिरॉइड न चाललेल्या काही मुलांत चाळणीच्या जनुकातच दोष असतो. एक वर्षाच्या आत आजार झाला असेल किंवा घरात आणखी कोणाला असेल, तर ती तपासणी कामाची ठरते, कारण मग निरुपयोगी औषधांचा मारा टळतो.

वॉर्डात एक गोष्ट वारंवार दिसायची. सूज उतरली की आईबाप गोळ्या थांबवतात, कधी पैशाअभावी, कधी स्टिरॉइडच्या भीतीने. मग फाइलवर लिहिले जाते, ‘औषध चालत नाही’. औषध पोटात गेलेच नव्हते! दडलेला क्षय किंवा लघवीचा जंतुसंसर्गही असाच फसवतो. रक्तातल्या महागड्या खुणा शोधण्याआधी हे तपासावे. आणि गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे, जीवावर बेतू शकते.

घरी वही ठेवा. सकाळची पहिली लघवी पट्टीने तपासा. पट्टी नसेल तर परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग उकळा. ती गढूळ झाली तर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. गढूळपणा तसाच राहिला तर प्रथिन जाते आहे. सलग तीन दिवस काही नाही किंवा नाममात्र, म्हणजे आजार उतरला. सलग तीन दिवस तीन अधिक किंवा जास्त, म्हणजे उलटला. लगेच दवाखाना गाठा. ताप, पोटदुखी असेल तर त्याच दिवशी जा, पोटातला जंतुसंसर्ग असू शकतो.

सहा आठवडे नीट गोळ्या देऊनही प्रथिन जात राहिले तर मूत्रपिंडाच्या बालतज्ज्ञांकडे पाठवणी मागा. तिथे बहुधा बायॉप्सी होते आणि टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन सुरू करतात. रेशनकार्ड व आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते ते स्पष्ट विचारून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येईल तेव्हा सुजलेले मूल त्यांच्यासमोर न्याच.