लिनक्सशी ओळख, भाग ९ : साडेपाच तासांची चूक

गेल्या शनिवारी रात्री आतेबहिणीचा फोन आला. "दादा, तू लिनक्स टाकून दिल्यापासून माझा लॅपटॉप वेडा झालाय." रात्रीचे नऊ वाजले होते आणि तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात दुपारचे साडेतीन. आठवड्यापूर्वी तिने दुकानात नेऊन मदरबोर्डवरची ती बटणासारखी बॅटरी बदलून आणली होती. एक दिवस घड्याळ बरोबर चाललं, मग पुन्हा मागे. दुकानदाराने आता मदरबोर्डच बदलायचा खर्च सांगितला होता.

मी विचारलं, "किती मागे आहे?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? मोजून सांग."

तिने मोजलं. बरोब्बर साडेपाच तास. मी म्हटलं, मदरबोर्डला हात लावू देऊ नकोस.

ती बॅटरी संपली की लॅपटॉप थेट काही वर्षं मागच्या एखाद्या तारखेला जाऊन बसतो. मग ब्राउझर बँकेची साइट उघडायलाही तयार होत नाही, कारण साइटचं आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. तिच्याकडे तारीख ठीक होती, मिनिटंही ठीक होती, फक्त साडेपाच तास गायब होते. बिघडलेला भाग इतक्या नेमकेपणाने चुकत नाही. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे असते हे आपण शाळेत शिकलो आहोत. तेच अंतर तिच्या पडद्यावर दिसत होतं.

लॅपटॉप बंद असताना वेळ मोजत राहते ती मदरबोर्डवरची एक छोटी चिप. तिच्यात विंडोज स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स तिच्यात यूटीसी ठेवतं आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवतं. एकटी असताना दोघंही बरोबर. भाग ६ मध्ये आपण दोघांना एकाच लॅपटॉपवर नांदायला लावलं, तिथून ही कुरबुर सुरू झाली. लिनक्स मिंट इंटरनेटवरून अचूक वेळ घेतं आणि साधारण दर अकरा मिनिटांनी चिपमध्ये नोंदवतं, अर्थात यूटीसीमध्ये. मग बहीण हिशेबाच्या कामासाठी विंडोज सुरू करते. विंडोज चिपमधले साडेतीन वाचते आणि ते भारतातलेच समजून कोपऱ्यात लावते. काही वेळाने तीही इंटरनेटवर विचारून वेळ सुधारते, म्हणून दुखणं येऊन-जाऊन. नव्या बॅटरीने एक दिवस गुण आल्यासारखा वाटला तो यामुळे.

उपाय एका ओळीचा. (या मालेत कमांडचा उच्चार देवनागरीत देतो. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं वापरून टाइप करायची. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांत फरक कळतो आणि तो त्याला खपत नाही.) टाइम, डेट आणि सी-टी-एल ही अक्षरं सलग, मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, पुन्हा जागा, आणि 1 हा आकडा. यानंतर मिंटही चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवतं. नंतर पहिला शब्द नुसता दिलात तर पडद्यावर लांबलचक ताकीद येते : ही पद्धत चांगली नाही, उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवणाऱ्या देशांत गोंधळ होईल. भारतात घड्याळं सरकत नाहीत, तेव्हा निर्धास्त राहा. लंडन किंवा न्यू जर्सीहून ही माला वाचणाऱ्यांनी मात्र उलट वाटेने जावं, म्हणजे विंडोजलाच यूटीसी पाळायला सांगावं.

घड्याळावर एवढा वेळ घालवला, कारण बहिणीच्या "खूप" या शब्दाने तिला दुकानात नेलं आणि "साडेपाच" या शब्दाने दहा मिनिटांत प्रश्न सुटला. मला येणारे निम्मे फोन "चालत नाहीये" एवढ्यावर थांबतात. काय चालत नाही, कधीपासून, पडद्यावर नेमके कुठले शब्द आले? विंडोजवर तो मजकूर न वाचता "ओके" दाबायची आपल्याला सवय लागली, आणि तिला तसं कारणही होतं. त्यातून फारसं काही कळायचंच नाही. लिनक्स बडबडं आहे. आपल्याला काय होतंय ते ओळीवर ओळी सांगत बसतं.

एकदा ही बडबड प्रत्यक्ष पाहा. टर्मिनल उघडा आणि सुडो डीमेसेज द्या (डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरं), पुढे जागा सोडून वजा चिन्ह आणि डब्ल्यू. पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना मिंट पडद्यावर नुसते तारे दाखवतं; काही लिनक्समध्ये तर काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. ही रीतच आहे. पासवर्ड पुरा करून एंटर दाबा. मजकूर धो-धो वाहून थांबेल. आता पेनड्राइव्ह लावा. लगेच चार-सहा नव्या ओळी येतील : नवं यूएसबी उपकरण सापडलं, बनवणारी कंपनी अमुक, क्षमता इतकी, नाव एसडीबी, त्यात एक पार्टिशन एसडीबी1. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या कंसातला आकडा म्हणजे लॅपटॉप सुरू झाल्यापासूनचे सेकंद. हे बोलणं कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं.

आता न चालणारा पेनड्राइव्ह लावा. एकही ओळ आली नाही, तर कर्नलला काही लावल्याचा पत्ताच नाही. दोष पोर्टात, वायरीत किंवा खुद्द पेनड्राइव्हमध्ये; सेटिंगमध्ये शोधाशोध करून उपयोग नाही. ओळी आल्या आणि त्यांत आय/ओ एरर हे शब्द वारंवार दिसले, तर पेनड्राइव्ह बहुधा शेवटच्या घटका मोजतोय, आधी फोटो दुसरीकडे उतरवा. ओळी सगळ्या ठीक आणि तरी फाइली दिसत नाहीत, तर मग खुशाल सॉफ्टवेअरकडे वळा. बाहेर पडायला कंट्रोल आणि सी.

वाय-फायचंही असंच. नव्यांचा सर्वांत मोठा वैताग हाच, आणि नेट नसल्याने उपाय शोधायलाही नेट नाही. पहिल्यांदा आरएफकिल लिस्ट ही कमांड द्या. सॉफ्ट ब्लॉक्ड पुढे येस असेल तर कुठल्या तरी सेटिंगने, नाही तर विमानाच्या चित्राच्या बटणाने, वाय-फाय बंद झालंय. हार्ड ब्लॉक्ड पुढे येस असेल तर जुन्या लॅपटॉपच्या कडेला बारीक सरकती कळ असते ती चाचपा. बॅगेत ठेवताना ती हमखास सरकते. दोन्हीकडे नो असेल किंवा यादीत वाय-फायचं नावच नसेल, तर ड्रायव्हरचा संशय घ्यायचा. एलएसपीसीआय, जागा, वजा चिन्ह, के. येणाऱ्या यादीत नेटवर्क कंट्रोलर शोधा आणि त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. नसेल तर कार्ड दिसतंय, पण ते चालवणारा कोणी नाही. ब्रॉडकॉमच्या कित्येक कार्डांचं असं होतं, कारण त्यांचा ड्रायव्हर खुला नाही आणि तो वेगळा घ्यावा लागतो. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो मिळतो. तेवढ्यापुरतं नेट हवं तर मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. ही युक्ती मला आधी कळली असती तर एक अख्खा रविवार वाचला असता.

"डी ड्राइव्हवर काही सेव्हच होत नाही" ही तक्रारही दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांचीच. विंडोज 8 पासून शटडाउन म्हणजे पुरतं शटडाउन नसतं. पुन्हा झटकन सुरू होता यावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून डुलकी घेते. लिनक्सला दिसतं की या पार्टिशनवर कोणाचं तरी काम अर्धवट पडलंय, म्हणून ते वाचू देतं, लिहू देत नाही. शहाणपणाच आहे तो. जबरदस्तीने लिहायला लावणाऱ्या कमांड असतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोजमध्ये जा, पॉवरच्या पर्यायांतून फास्ट स्टार्टअप बंद करा. एखाद्या वेळेपुरतं शिफ्ट दाबून धरत शटडाउन केलंत तरी चालतं.

अपडेट करताना 'कुड नॉट गेट लॉक' आलं, तर चहा टाका. मागे दुसरं अपडेट चालू असतं. दोघांनी एकाच वेळी सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत खाडाखोड करू नये म्हणून ते कुलूप असतं. ती कुलपाची फाइल उडवून टाका असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. तो पाळून मी एकदा सगळं नव्याने इन्स्टॉल करत बसलो होतो.

आणि पत्रिकेचा जुना मजकूर उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसला, तर फाइल खराब झालेली नाही. ती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. त्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असे. फाँट मशीनवर नाही, म्हणून मूळ अक्षर उघडं पडलं. असा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, पुढच्या पिढीच्या लॅपटॉपवरही तो वाचता येईल.

बहिणीचं घड्याळ आता दोन्हीकडे बरोबर चालतंय. जुनी बॅटरी चांगलीच होती, पण ती दुकानातच राहिली. काल पुन्हा तिचा फोन आला. "दादा, प्रिंटर..." मी मध्येच तोडलं, पडद्यावर काय लिहून आलंय ते वाच म्हटलं, आणि तिने या वेळी शब्दन् शब्द वाचून दाखवला. प्रिंटरचं प्रकरण मोठं आहे. रिचर्ड स्टॉलमन 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीकडे वळले, त्यामागेही एमआयटीच्या प्रयोगशाळेतला एक कागद अडकवणारा प्रिंटर होता. तो किस्सा आणि बहिणीचा प्रिंटर, दोन्ही पुढच्या आठवड्यात.